उरलेले बहात्तर मणी

प्रति,
मा. सचिव,
हिरवाफाटा द्राक्ष निर्यात सहकारी संस्था, नाशिक.

विषय : प्रयोगशाळा सहाय्यकाची नेमणूक कायम करण्यापूर्वी प्रात्यक्षिक परीक्षा पुन्हा घेण्याबाबत.
संदर्भ : दि. ३ फेब्रुवारी २०२५ ची मुलाखत.

महोदय,

शीतगृहात, मुलाखतीच्या टेबलावर द्राक्षांचा एक घड होता, मणी चौऱ्याऐंशी. दुसरे उमेदवार श्री. हर्षल यांनी त्यातल्या बारा मण्यांचा रस काढला. गोडी मोजायला आम्हा दोघांना तोच रस आणि एकच ब्रिक्समीटर होता. निर्यातीला किमान १६ ब्रिक्स लागतात.

आपल्याकडे हा मीटर सकाळी बाहेरच्या खोलीत शून्यावर लावतात आणि दिवसभर शीतगृहात टांगून ठेवतात. श्री. हर्षल यांनी तिथेच उभ्या उभ्या वाचले : १६.७. मी मीटर आणि रस बाहेर आणले, दोन्हींचा गारठा जाईपर्यंत थांबले आणि तेवढ्यात उरलेले मणी मोजले. माझे वाचन : १५.९.

प्रयोगशाळा प्रमुख श्री. विहंग सर म्हणाले, "हर्षल बारावीपासून हेच एक काम करतोय. तुम्ही दूध, माती, शीतगृह, सगळीकडे हिंडून आलात, मुरलात कशात?" माझ्या अर्जावर त्यांनी शेरा मारला : 'अनुभव विखुरलेला'. मी निघाले तेव्हा हसून म्हणाले, "उरलेली द्राक्षं घेऊन जा मॅडम, घरी निवांत मोजा."

मी ती नेली.

वणीच्या दूध संकलन केंद्रावर दूध तपासणाऱ्या भागीबाईंनी माझ्या कामाच्या पहिल्याच सकाळी माझ्या हातावर चापट मारली होती : "आधी दूध किती गार हाय ते बघ, मंग रेघ वाच." गारठ्यात मीटर जास्त दाखवून फसवतो, हे मी द्राक्षांजवळ नव्हे, दुधाजवळ शिकले. श्री. हर्षल यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांना एकच खोली दाखवली गेली.

तरी विनंती की,

१. दि. १० च्या सभेत श्री. हर्षल यांची नेमणूक कायम होण्यापूर्वी तीच परीक्षा सर्व संचालकांसमोर घ्यावी. मीटर विहंग सरांनी धरावा.

२. शेरा त्यांनी स्वतःच्या हाताने, लाल शाईने खोडावा. मी समोर उभी राहीन, खुर्ची नको.

३. त्यानंतर त्यांना आठ दिवस, पहाटे पाच वाजता, भागीबाईंकडे शिकायला पाठवावे. हजेरीवर भागीबाईंचा अंगठा असावा.

या अर्जाची प्रत सर्व २१४ सभासदांना पाठवली आहे. ज्यांचा माल यंदा परदेशातून आंबट म्हणून नाकारला गेला, त्या अकरा जणांना ती मी स्वतः नेऊन दिली.

नम्रपणे, आणि दहा तारखेची वाट पाहत,

राखी काळू पगारे
बी.एस्सी. (रसायनशास्त्र), देवळाली कॅम्प
दि. ५ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१. अनुभवाची तीन प्रमाणपत्रे (मुलाखतीत न उघडलेली).
२. उरलेल्या बहात्तर मण्यांच्या रसाचे वाचन. त्याच संध्याकाळी, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, २० अंश सेल्सिअसला, तीन वेळा : १५.९, १५.९, १५.९.