आई कामाला गेली आहे

आई,

माझं ऑफिस आता घरात आलंय. जळगावच्या आमच्या घरातली गल्लीकडची खोली, जिथे आजवर गाद्या आणि नादुरुस्त कूलर नांदत होते, ती मी रिकामी केली. टेबल आलं, पाठ दुखणार नाही म्हणतात अशी फिरती खुर्ची आली, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. कॅमेऱ्यात दिसते तेवढ्याच भिंतीला रंग दिला, बाकीच्या तिन्ही तशाच आहेत, तू असतीस तर हसली असतीस. साहेब पुण्यात बसतात. त्यांनी बजावलं होतं, महिनाभर घरून काम करून दाखवा, नाही जमलं तर पुण्याला यावं लागेल. पुणं म्हणजे नोकरी सोडणंच, कारण यांचं दुकान इथे, आणि सासूबाई धरणगाव सोडून जळगावपर्यंत आल्या हेच खूप झालं. मला नोकरी सोडायची नव्हती, आई. अजिबात नव्हती.

सगळं जमलं, फक्त सासूबाई जमेनात. त्या प्रेमळ आहेत, हीच तर अडचण. पहिल्याच आठवड्यात त्यांनी उडदाच्या पापडांचा घाट घातला आणि ऐन मीटिंगमध्ये ताटलीभर लाट्या घेऊन कॅमेऱ्यासमोर हजर झाल्या. "खायी ले, मंग बोल." साहेब आधी गालात हसले, मग म्हणाले, "मॅडम, घरी जमत नसेल तर सांगा." मी दारावर पाटी लावली, 'मीटिंग सुरू आहे'. सासूबाईंनी ती मोठ्याने वाचली, आत आल्या आणि विचारलं, "आखो कितला येळ?" कडी लावून घेतली तर खिडकीतून हाका. शेवटी मी चिडले, तेव्हा त्या खरोखरच बुचकळ्यात पडल्या. म्हणाल्या, "तू त घरमाच शे ना?"

त्या दिवशी तू आठवलीस. धुळ्याचं आपलं स्वयंपाकघर, कोपऱ्यात जुन्या साडीचा पडदा, पडद्यामागे टाइपरायटर आणि वकिलांचे कागद. सकाळची भांडी आवरून तू चांगली साडी नेसतेस, घड्याळ बांधतेस आणि पायात चपला घालून पडद्यामागे जातेस. स्वयंपाकघरात चपला घातल्या म्हणून आजीने तुझ्याशी कितीतरी दिवस अबोला धरला होता. तू त्याही दिवसांत चपला घालूनच बसलीस. एकदा मी गुडघा फुटला म्हणून रडत पडदा ओढला. तू गुडघा बघितलास, हळद लावलीस, आणि मी मांडीत शिरू लागले तशी म्हणालीस, "तुझी आई कामाला गेली आहे. पाच वाजता येईल." इतक्या साध्या आवाजात बोललीस की मला ते पटलंच. मी पायरीवर जाऊन तुझी वाट बघत बसले. पाच वाजता तू पडद्यातून बाहेर आलीस, दारात चपला काढल्यास, पाय धुतलेस आणि मूठ उघडलीस. लिमलेटची गोळी. कामावरून येणारं माणूस खाऊ आणतं, तसा तूही आणलास.

तर दुसऱ्या दिवशी मी ड्रेसला इस्त्री केली, खांद्याला पर्स लावली, चपला घातल्या आणि सासूबाईंना म्हणाले, "येते मी." फाटकातून बाहेर पडले, घराला वळसा घातला आणि गल्लीकडच्या दाराने माझ्या खोलीत शिरले. त्या खिडकीतून बघत होत्या. "येडी शे का तू?" म्हणाल्या, पण आत आल्या नाहीत. दुपारी मी साहेबांशी बोलत असताना शेजारीण आली, तर भिंतीपलीकडून सासूबाईंचा ठणठणीत आवाज, "सून हापिसमा गयी शे. सांजले यी." मला हसू आवरेना, मी खोकल्याचं निमित्त केलं. संध्याकाळी पुन्हा वळसा घालून घरी आले तर त्या दारातच उभ्या. "मनासाठे काय लयनी?" मी काहीच आणलं नव्हतं. तेव्हापासून टेबलाच्या खणात राजगिऱ्याच्या लाडवांचं पाकीट असतं. काल महिना झाला. साहेब म्हणाले, तिथूनच चालू द्या.

हे तुलाच सांगायचं होतं, म्हणून आज कामाच्या वेळेत लिहितेय. पाकिटाला पत्ता कुठला घालणार? खणात लाडवांशेजारी राहील. आणि एक कबूल करते. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, चांगली मोठी होते, मला सगळं कळत होतं. तरी त्या दिवशी माणसं पांगल्यावर मी त्या पायरीवर जाऊन बसले, आणि पाच वाजून गेले, कुणी कितीही हाका मारल्या, तरी उठले नाही.