अळणी इटली

७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या मेहुण्यांनी जेवणाशी असहकार पुकारला आहे. डॉक्टरांनी मूत्रपिंडासाठी पथ्य दिल्यापासून हे ताटासमोर बसतात, चमचा इकडून तिकडे फिरवतात आणि पोट भरल्याचं जाहीर करून उठतात. पट्ट्याला नवी भोकं पाडून झाली. परवा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की पथ्य म्हणजे उपास नव्हे. वजन असंच उतरत राहिलं तर दवाखान्यात ठेवून घ्यावं लागेल. घरी येईपर्यंत मी धीट होते. मग न्हाणीघराचं दार लावून रडले.

शिस्तीत मात्र मी कुठे कमी पडलेली नाही. कॉन्व्हेंटात नन्सच्या हाताखाली वाढलेली मी! ह्यांचं पॅन वेगळं, उलथणं वेगळं, ताटसुद्धा वेगळं. पॅनच्या दांड्याला लाल दोरा बांधलाय, माझं मीठ चुकून तिकडे जायला नको. ह्यांना आधी वाढते, आणि माझं चमचमीत जेवण स्वयंपाकघरात उभ्याउभ्या उरकते, ह्यांना वास नको म्हणून. इतकी त्यागमूर्ती तू पाहिली नसशील.

आता एकच आशा. हे जहाजावर इंजिन सांभाळायचे तेव्हा एका इटालियन बंदरात खाल्लेल्या कोंबडीचं वर्णन मी लग्नापासून ऐकते आहे. शनिवारी तीच करते. टोमॅटोचा सॉस, वर भरपूर चीज, आणि दुकानदाराने सुचवलेलं कमी सोडियमचं मीठ. तू आयुष्यभर रुग्णालयात पथ्याचं जेवण बेतलंस, तेव्हा माझी पाठ थोपट.

तुझ्या कौतुकाला हपापलेली,
धाकटी

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

पाठ थोपटायला हात उचलला होता, तो कपाळावर गेला. ते मीठ आधी कचऱ्यात टाक. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि तुझ्या इंजिनवाल्यांच्या रिपोर्टात नेमकं तेच वाढलेलं आहे. टोमॅटो आणि चीज यांनाही रजा दे. लाल ढोबळी मिरची गॅसवर भाज, साल काढ, लसणाबरोबर वाट; रंग टोमॅटोसारखाच येतो. कोंबडीचा तुकडा तळहाताएवढा, बोटं सोडून. तू बोटं धरशील म्हणून मुद्दाम लिहिते. लिंबू, मिरपूड, ओरेगानो यांत कंजुषी नको. सोबत साधा पास्ता, मीठ न घालता उकडलेला.

रडायचंच असेल तर न्हाणीघरात नको, मला फोन कर. दोघांवर जीव आहे, तो बोलून दाखवायची मला सवय नाही एवढंच.

तुझी,
ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शनिवार पार पडला. ह्यांचं पॅन अगदी तुझ्या हुकुमाप्रमाणे. तळहाताचं माप जमेना म्हणून दोन तुकडे टाकले होते. त्यातला बरा दिसेल तो ह्यांना. शेजारच्या शेगडीवर माझ्यासाठी टोमॅटो, चीज, मीठ, सगळी चैन. मग वातावरणनिर्मितीसाठी मेणबत्ती शोधायला गेले. मेणबत्ती सापडली. तोवर माझ्या कोंबडीचा कोळसा झाला होता.

जळका वास येताच इंजिनवाले धावत आले. धुराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लाल दोऱ्याच्या पॅनमधला उरलेला तुकडा वाढून टेबलावर दुसरं ताट मांडलं. मी बसले. दुसरा उपायच नव्हता.

पहिला घास घेतला आणि माझं तोंड जे झालं, ते पाहून हे हसत सुटले. खोकला येईपर्यंत हसले. ताई, रोज मी ह्यांना सांगत होते की किती छान झालंय, जरा खाऊन तर बघा. मी स्वतः एकदाही चाखलं नव्हतं!

मग हळूहळू बोलले. ह्यांना ती बंदरातली कोंबडी कशी लागत होती हे मुळी आठवतच नाही. आठवतात ते एका टेबलाला दाटीवाटीने बसलेले खलाशी, आणि एकमेकांच्या ताटातलं पळवणं. इथे मात्र ताट समोर ठेवून मी आत निघून जायचे, तेव्हा आपण ह्या घरात नसून वॉर्डात आहोत असं वाटायचं, म्हणाले. मिठाचं काय, त्याची सवय झाली असती.

आणि मी दोऱ्याचा रंग निवडत बसले होते.

त्यानंतर आम्ही त्या कोंबडीला मनसोक्त नावं ठेवली. लिंबू आणखी हवं होतं की मिरपूड, यावर भांडलो. त्या नादात ह्यांचं ताट रिकामं झालं.

आता रोज अळणी जेवणं आलं. पथ्य ह्यांचं आणि तोंड वाकडं माझं. आज दुपारची कोबीची भाजी इतकी बेचव झाली होती, की आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं. मग ह्यांनी ताट पुढे केलं आणि आणखी वाढ म्हणाले.

तुझी माया आहेच, तिला पथ्य लावू नकोस.

तुझी,
धाकटी