मंगळवारचा शिक्का

३ जून, सोमवार
बेबीला ऑफिसात सोडून आले. सहा महिने शिकाऊ. सरकारी योजना – अपंग म्हणायचं नाही, दिव्यांग म्हणायचं, असं तिथल्या योजनाबाईनं मला दोनदा शिकवलं. बाई गं, बावीस वर्षं मी माझ्या लेकीला बेबीच म्हणते, तू तुझं बघ! फोटो मात्र सतरा काढले. बेबीच्या हातात फुलं, बेबीच्या हातात फाइल, बेबी खुर्चीत. फोटो संपले तशी खुर्चीही कुणीतरी उचलून नेली.

५ जून
काम नाही. दिवसभर बसवून ठेवतात आणि चघळायला गोळ्या देतात. बावीस वर्षांच्या घोडीला! "काय शिकलीस?" विचारलं. "पंखा तीनवर असतो," म्हणाली.

१० जून, सोमवार
इस्त्रीचं दुकान ह्यांच्या गळ्यात टाकलं आणि गेले. हेडक्लार्कपुढं उभी राहिले. माणूस कसला, नुसता पाक! मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलंय. "मावशी, तिला ताण नको हो. समज कमी आहे ना."
म्हटलं, माझ्या दुकानात रोज दीडशे कपडे येतात. पांढरे शर्ट सगळे सारखे. आजवर हिनं एकाचा शर्ट दुसऱ्याच्या गठ्ठ्यात घातला नाही. तुमच्या टेबलावर शुक्रवारचा चहाचा कप अजून तसाच आहे. समज कुणाची कमी?
आजूबाजूचे हसले. त्याला झोंबलं. दिलं मग काम – बाहेरून आलेल्या कागदांवर तारखेचा शिक्का मारायचा.

२६ जून
रोज सकाळी शिक्क्याची चकती फिरवून तारीख लावते, कॅलेंडरशी ताडून बघते, मगच मारते. एकही शिक्का तिरका नाही म्हणे. जेवताना आकडा सांगते – आज त्रेसष्ट, आज एक्केचाळीस. ह्यांनी "साहेबीण आली!" म्हटलं तर रागावली. "मी शिकाऊ आहे."
योजनाबाई परत येऊन गेली. परत फोटो.
शेवटी चांगला शेरा मिळाला तर तिथंच कायम घेतात म्हणे. माझा नाही विश्वास. पण मी गेल्यावर हिचं काय, हा विचार पंधरा दिवसांत एकदाही आला नाही, हेही खरं.

९ जुलै, मंगळवार
बेबी घरी आली ती फुगून. कुणी कंत्राटदार आज अर्ज घेऊन आला. मुदत कालच संपलेली. गोडबोल्या म्हणाला, चकती एक घर मागं घे, कालचा शिक्का मार. ही म्हणाली, "आज मंगळवार आहे." तो म्हणाला, मार गं मुकाट्यानं. हिनं मारला – मंगळवारचा!
मी हिलाच झापलं. साहेब सांगेल ते करावं, तुझ्या बापाचं काय जातं?
"आज मंगळवार आहे ना, आई?"
आहे बाई, आहे.

११ जुलै, गुरुवार
गोडबोल्यानं बोलावून घेतलं. आज मला खुर्ची दिली, वर चहा! तेव्हाच ओळखलं. अर्ज बाद झालाय, कंत्राटदार बोंबलतोय. तर ह्या शहाण्यानं काय युक्ती काढावी? अर्ज सोमवारीच आला होता, पण मुलीनं समज कमी म्हणून चुकीची तारीख मारली – असा कागद तयारच ठेवलेला. खाली बेबीची सही, पालक म्हणून माझी. "तिला कोण काय बोलणार, मावशी? सगळे समजून घेतील. नाहीतर मला शेऱ्यात लिहावं लागेल – सांगितलेलं काम जमत नाही. उद्यापर्यंत बघा."
थू! लबाडी अकलवाल्यांनी करायची आणि खापर बिनअकलीची म्हणून हिच्या डोक्यावर! कागद तिथंच त्याच्या तोंडावर फेकायचा होता.
घडी घालून घरी आणला.
ह्यांना दाखवला. "तू म्हणशील तसं." लग्न झाल्यापासून एवढंच म्हणत आलेत!

१२ जुलै, शुक्रवार
सही केली.
बेबीपुढं कागद ठेवला, म्हटलं इथं नाव घाल. तिनं बोट ठेवून एकेक शब्द वाचला. मी चौथी शिकलेली, हिला माझ्याहून बरं वाचता येतं. "मी चुकले नाही," म्हणाली. म्हटलं, माहीत आहे मला, पण घाल. कायमचं व्हायचंय ना तुला? हिला 'कधीकधी' शिकवता येत नाही. खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही – लहानपणी मीच घोकून घेतलेलं. किती मार खाल्ला पोरीनं त्यापायी!
घातलं नाव. नेऊन दिला कागद. गोडबोल्या हात जोडून म्हणाला, "आई असावी तर अशी." थोबाड फोडावंसं वाटलं. कुणाचं, ते लिहीत नाही.

१५ जुलै, सोमवार
डबा भरला, चपला दारात काढून ठेवल्या. बेबी इस्त्रीच्या टेबलापाशी गठ्ठे लावत उभी. "अगं, ऑफिसला जायचं नाही?"
मान वर केली नाही. "तू जा, आई. तिथलं काम तुला येतं."