ठिणगी कोणाची

दि. ४ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भट्टीचा विजेचा पंखा जळाला, माळ्यावरचा जुना भाता खाली काढला आणि आता तो तूच ओढतेस, हे वाचून बरं वाटलं, असं लिहायची रीत आहे. मला बरं वाटलेलं नाही. शेवटी तू किती सहज लिहून मोकळी झालीस की बाबा तुला ठिणगी म्हणतात! अगं, ते माझं नाव आहे. शाळेतून आले की दप्तर फेकून मी भात्याशी उभी राहायची आणि लोखंड लाल झालं की बाबा मला त्या नावाने हाक मारायचे. तुझ्या नवऱ्याने लहानपणी ते नाव रडून मागितलं होतं, तरी त्याला मिळालं नाही. तुझ्या लग्नाला जेमतेम वर्ष होतंय तोच तुला आयतं मिळालं!

इथे शब्दकोशाच्या कचेरीत सध्या ‘लोह’ माझ्या टेबलावर आहे. मूळ अर्थ तांबडा धातू, म्हणजे तांबं. मग कुठलाही धातू, अगदी सोनंसुद्धा. पुढे लोखंड आलं आणि ते नाव एकट्यानेच बळकावून बसलं. आता लोहार, लोहचुंबक, लोहमार्ग, सगळीकडे तेच. तांब्याची आठवणही कुणाला नाही. आमचे संपादक तर म्हणतात, तांब्याचा अर्थ गाळूनच टाका, वापरात नाही. मी त्यांच्याशी भांडते आहे. आपल्या घरात तांबं कोण आणि लोखंड कोण, ते तू हुशार आहेस, ओळखशील.

बाबांना स्पष्ट सांग की ते नाव आधीच दिलेलं आहे. नाही सांगितलंस तर मेच्या सुट्टीत मी येणार नाही.

लोभ कमी झालाय, पण आहे.
तुझी नणंद


दि. १५ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचता वाचता चहा गार झाला. मी बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि लोखंड लाल झाल्याबरोबर पुन्हा ठिणगे म्हणून ओरडले. आता मी काय करू?

खोटं कशाला लिहू, मला ते नाव आवडतं. गल्लीत सगळे मला धाकट्याची बायको म्हणतात आणि गेट करून घ्यायला येणारे नुसतं अहो बाई. ठिणगी म्हटलं की हात आपोआप जोरात चालतो. तुमच्याकडे तर शब्दांची कपाटं भरलेली आहेत, माझ्याकडे हा एकच. तरी तुम्ही म्हणत असाल तर ओ देणार नाही. भाता मात्र सोडायला लावू नका. आणि मनगटावर फोड आलेत, तेही तुमचेच असतील तर घेऊन जा.

तुमचं पत्र आईंनी मागून घेतलं. वाचून झाल्यावर निवडलेलीच भाजी पुन्हा निवडत बसल्या.

राग असू द्या, पण मेमध्ये या.
तुमची वहिनी


दि. १८ फेब्रुवारी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायचा किती कंटाळा, तुला ठाऊक आहे. सुनेकडून लिहून घेतलं असतं, पण हे तिला सांगण्यासारखं नाही.

पहिली ठिणगी मी. लग्न होऊन आले तेव्हा गडी ठेवायची ऐपत नव्हती, भाता मीच ओढायचे. ते नाव तेव्हाचं. तुझ्या भावाच्या वेळी मला धूर सोसेना, म्हणून तू भात्याशी उभी राहायला लागलीस. एकदा चहा घेऊन गेले तर तुझे बाबा तुला माझ्या नावाने हाक मारत होते. पोटच्या पोरीचा हेवा वाटला गं मला. चहा तिथेच ठेवला आणि आत येऊन रडले. बाळंतपणानंतर परत भात्याशी गेले, तर तू दांडा सोडेचना. बाबा हसून म्हणाले, राहू दे तिला. तेव्हापासून मी नुसती ‘अगं’.

आता सून भात्याशी असली की मी स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसते. हाक ऐकू येते. अजून माझी मान वळते.

तिच्याशी भांडू नकोस. सुट्टीला ये.
तुझी आई


दि. २६ फेब्रुवारी

चि. सौ. ठिणगीस,
अ. आ. वि. वि.

दचकू नकोस, तुलाच लिहिते आहे. आईचं पत्र कचेरीत उघडलं आणि कचेरीतच रडले. शेजारच्या टेबलावरच्या बाई विचारायला लागल्या, घरी सगळे बरे आहेत ना. इतकी वर्षं मी स्वतःला तांबं समजत होते आणि निघाले मधलीच कुणीतरी. आईने जे तुला सांगायचं नाही म्हटलं होतं, ते तिचं पत्रच सोबत पाठवते आहे. वाच आणि तिला कळू देऊ नकोस.

हेवा गेला असं तोंडदेखलं लिहीत नाही. आजही जळते. पण नाव तुझ्याकडे राहू दे. फोडही तुझेच, मलम तेवढं मी आणते.

‘लोह’ची नोंद काल छापायला गेली. संपादक शेवटी कंटाळून हो म्हणाले. तांब्याचा अर्थ सगळ्यांत वर आहे. पुढे कंसात ‘आता वापरात नाही’ असं आहे, पण वर आहे.

मेमध्ये येते. एक दिवस दांडा आईच्या हातात द्यायचा आणि आपण दोघींनी खिडकीपाशी बसायचं. बाबांनी हाक मारली की तू मान वळवायची नाहीस. मीही नाही.

लोभ पुन्हा वाढला आहे.
तुझी नणंद