बियाण्याचे पळस

२१ सप्टेंबर १९४९, बुधवार
सौंदड स्टेशनावर चालत जाऊन पेपर आणला. इंग्लंडने पौंडाची किंमत उतरवली. आपल्या सरकारने रुपयाही मागोमाग उतरवला. सिलोन, ऑस्ट्रेलिया, सगळे तसेच. पाकिस्तान मात्र नाही म्हणते. कॉलेजात अवमूल्यनाचा धडा चार पानांत उरकला होता; सर म्हणाले होते, परीक्षेला येत नाही. आज ते खरेच घडले आणि बोलायला एक माणूस नाही. शेवटी स्टेशनमास्तरांना सांगितले. ते म्हणाले, "बहनजी, गाडी का टाइम तो वही रहेगा ना?"

२२ सप्टें.
जेवताना बाबांना समजावले. एका डॉलरला सव्वातीन रुपये येत, आता पावणेपाच येतील. ग्रामोफोनच्या तबकड्यांना, पॉलिशला अमेरिका आपली पळसावरची लाख घेते. त्यांना ती स्वस्त पडेल, ते जास्त मागतील, इथे भाव चढेल. बाबा हात धुता धुता म्हणाले, "म्हंजे आपल्या बांधावरच्या किड्याईचं अमेरिकेत नाव हाय." माय हसली. हसू दे. कोणीतरी शेवटपर्यंत ऐकले.
कॉलेजातल्या मैत्रिणीला, विमलला, नागपूरला पत्र टाकले. पाच पाने.

२५ सप्टें., रविवार
बाबांनी गावात सांगितले असावे. सकाळपासून ओसरीवर माणसे. गोंदियाच्या एका व्यापाऱ्याचा माणूस काल येऊन वाढीव भाव बोलून गेला, म्हणून माझे बोलणे एका रात्रीत खरे ठरले.
शेवटी शेवंता आत्या आली. बाबांची चुलत बहीण. नवरा गेल्यापासून बांधावरचे अकरा पळस हीच तिची शेती. सहांवर लाख, पाच यंदा विसाव्याला ठेवलेले. म्हणाली, "बाई, किडा निघेपर्यंत थांबू का आताच कापू? तू शिकली हायेस, तू सांग."
रीत अशी, की लाख पूर्ण पिकून किडा बाहेर पडेपर्यंत निदान दोन झाडे राखायची. त्यांच्या काड्या विसाव्याच्या झाडांना बांधायच्या, म्हणजे किडा तिथल्या कोवळ्या फांद्यांवर सरकतो. तेच पुढचे बियाणे. मला हे ठाऊक आहे, लहानपणी मी स्वतः बांधल्या आहेत. तरी बोलून गेले, "असा भाव पुन्हा येत नाही आत्या. सगळी काप. बियाणे मागून विकत मिळेल."
"तू म्हनतेस तं कापतो."

३० सप्टें.
बांधच्या बांध उघडे. आत्याची लाख चांगल्या भावाने गेली, येताना तिने माझ्या हातावर पेढा ठेवला. विहिरीवर बायका म्हणतात, "पाहा वं, पौंड पाडणारी आली." आज मला त्याचेही बरे वाटले.

९ ऑक्टोबर
भाव बसला. व्यापाऱ्याचा माणूस सांगतो, अमेरिकेचे गिऱ्हाईक म्हणते, तुमचा रुपया स्वस्त झाला तर लाखही डॉलरात स्वस्त द्या, तोवर थांबतो. पुस्तक काढून शोधले. होते. तळटीपेत, बारीक अक्षरात.
पाकिस्तानचा ताग कलकत्त्याला येईना, म्हणून बारदान्याचीही ओरड आहे. धान निघेल तेव्हा पोती कुठली? लंडनमध्ये कोणी एक आकडा बदलतो आणि इथे…
पण आत्याचे काय होणार, ते आज दुपारी कळले. ती बियाण्यासाठी चार गावे फिरून आली. कोणाकडेच नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या भरवशावर आपली कापली. विकत मिळेल, हे मी सगळ्यांनाच सांगितले होते.

१४ ऑक्टोबर
ओसरीवर कोणी येत नाही. भांडायला तरी यावे. बाबा जेवतात, उठतात.
आत्याकडे गेले. ती सुपात तांदूळ पाखडत होती, थांबली नाही. "माह्या मालकानं आनलेलं बेनं होतं. सतरा वर्सं त्याच्यावरच चाललं." मग सुपातले खडे वेचत, "पैसा सरते बाई. पळस उभाच राह्यते, रिकामा."
मी शिकले ते हिच्यासारख्यांच्या उपयोगी पडावे म्हणून. असे मीच भाषणात म्हटले होते, पदवी मिळाली त्या दिवशी.

१८ ऑक्टोबर
विमलचे कार्ड. लग्न ठरले. पौंडाबद्दल एक अक्षर नाही. कार्डावर मावणार तरी कसे.

२७ ऑक्टोबर
दिवाळी झाली. काल पहाटे बाबांनी बैल जुंपले. नवेगाव बांधाकडे, जंगलाच्या कडेला एक गोंड म्हातारा आहे, मनीराम. त्याची लाख अजून झाडावर आहे, असे त्यांनी कुठून तरी काढले. मला म्हणाले, "बस. तोंड तूनं चालवलं, आता मागचं बी तूच निस्तर."
मनीरामदादांकडे पेपर पोचत नाही. विचारू लागले, "सगळ्याईनं कापली? काऊन?" मी पौंडापासून सुरुवात केली. मध्येच थांबले. म्हटले, "मी सांगितलं म्हणून." त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग कोयता घेतला. बियाण्याच्या काड्यांच्या सात जुड्या दिल्या, जुन्याच भावाने. वर बजावले, "किडा दोन दिसापासून निघून राह्यला. रस्त्यात सरला तं मले बोलू नोका."
परतीच्या वाटेवर जुड्यांवर ओले फडके धरून बसले. बाबा एकदाच बोलले, "ऊन लागू देऊ नको."
आज सकाळी आत्याच्या विसाव्याच्या पाचही पळसांवर काड्या बांधल्या. पदर खोचून मीच चढले. आत्या खालून दोरी देत होती.

२ नोव्हेंबर
भल्या सकाळी आत्या दारात. घरात आली नाही. म्हणाली, "चाल."
चार झाडांवर काही नाही. पाचव्याच्या कोवळ्या फांदीवर लालसर, अगदी बारीक, पूड सांडावी तसे. मी म्हणाले, "आत्या, लागलंय असं वाटतं."
"वाटते म्हनू नोको. पाह्य."
पाहिले. हलते आहे की नाही ते कळेना. किडे असतील, सालीचा भुगाही असेल. बोट लावायला गेले तर तिने मनगट धरून हात खाली घेतला.
मी विचारले, किती दिवसांनी समजेल?
"मले कायले विचारतेस," ती म्हणाली. "रोज येत जाय."