आधी गावाचं नाव वाच

प्रिय बाबा,

आज सकाळी सदूकाकांचा फोन आला, म्हणून लिहायला बसलोय. नारळी पौर्णिमा झाली, उद्या ते होडी पाण्यात लोटणार. तुम्ही गेल्यापासून तीन वर्षांत तुमच्या धाकट्या भावाने पहिल्यांदाच मला विचारलं, "बाबल्या, वारो कसो आसा, बघून सांग."

मी निगडीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होतो. "सांगतो," म्हणालो आणि फोन खिशात टाकला. आता जेवणाची सुट्टी झालीय, कँटीनमध्ये बसलोय, पण अजून बघितलं नाही.

थकलोय हो बाबा. ओव्हरटाइमने माणूस थकतो, पण झोपला की उठतो ताजा. हे तसं नाही.

तुम्हाला आठवतं? त्या वर्षी मी फोनवर बघून सांगितलं, "आज जाऊ नका, दुपारी वारा सुटेल." तुम्ही चिडून घरी बसलात आणि दुपारी खरंच माड वाकले! मग काय, सगळ्या गावाला सांगत सुटलात, "माझो झील चाकणात बसान हंयचो वारो बघता." तेव्हापासून रोज शीड उभारायच्या आधी तुमचा फोन यायचा. मीही काय कमी फुशारलो? लाइनवरच्या पोरांना सांगायचो, आमचे बाबा मला विचारल्याशिवाय समुद्रात जात नाहीत.

पण बाबा, जन्मभर ओलं बोट वर धरून वारा ओळखणारा माणूस तुम्ही. माझं इतकं ऐकायची काय गरज होती?

त्या सकाळी तुम्ही म्हणालात, "दक्षिणेक जरा काळा दिसता रे." मी बसमध्ये अर्धवट झोपेत होतो, फोन आदल्याच दिवशी घेतलेला. बघितलं, आभाळ निरभ्र, वारा मंद. म्हणालो, "निर्धास्त जा." तुम्ही घुटमळलात. तेव्हा मी वर म्हणालो, "बाबा, हे उपग्रहावरून दिसतं. तुमच्या बोटाला काय कळतंय?"

तुम्ही हसलात. "तू म्हणतंस तर जातंय."

संध्याकाळी सदूकाकांनी कळवलं, वादळात होडी उलटली. मी एवढंच म्हणालो, "पण फोनवर तर ऊन होतं!" मग पुन्हा फोन काढून बघितला. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, चाकण. नव्या फोनने मी होतो तिथलीच हवा दाखवली होती. आपल्या गावाचं नाव मी त्यात घातलंच नव्हतं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. आई अजून माझ्याच पाठीवरून हात फिरवते, म्हणते, "तू काय करतलंस? दर्याचा कोण सांगूक शकता?" तो हात मला सोसत नाही, बाबा. म्हणून सणावारालाही गावी जायचं टाळतो. सुट्टी मिळत नाही म्हणतो. मिळते.

आणि रोज सकाळी बसमध्ये आपल्या गावचा वारा बघतो. कोणी विचारत नाही, तरी बघतो. आज विचारलं, तर हात चालत नाही!

एक राहिलं. फोन ठेवताना सदूकाका हळूच म्हणाले, "आणि बाबल्या, आधी वर गावाचा नाव वाच हां."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं! त्या संध्याकाळी "फोनवर तर ऊन होतं" म्हणालो, तेव्हाच ओळखलं असणार. तीन वर्षं! एका शब्दाने बोलले नाहीत. आणि आज पुन्हा मलाच विचारतायत.

तेव्हा बाबा, आता फोन काढतोय. आधी गावाचं नाव मोठ्याने वाचीन, मग वारा सांगेन. उद्या पहाटे पुन्हा बघीन आणि काकांना विचारीन, "तुम्हाला काय दिसतंय?" त्यांना नुसतं जरा काळं दिसलं, तरी होडी वाळूवरच राहील. फोन काहीही म्हणो.

गणपतीला घरी येतोय. आरतीच्या आधी आईला सगळं सांगेन, अगदी तुमच्या बोटाबद्दल बोललो तेही. तिने हात काढून घेतला, तरी सांगेन.

तुमचा,
बाबल्या
कँटीन, चाकण