‘सॉरी’चा धडा

३ फेब्रुवारी

सासूबाई! माझ्या वर्गात!!

संध्याकाळच्या बॅचला कोणी नवीन आलंय म्हणून मान वर केली, तर पंख्याखालच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घट्ट धरून — त्याच. केस पांढरे झालेत. ताठा तसाच. मला बघून उठल्यासारख्या झाल्या, पण फी भरलेली होती. बसल्या.

इंग्रजी का शिकायचंय ते प्रत्येकानं पहिल्या दिवशी सांगायचं असतं. सलूनवाल्याला बाहेरच्या गिऱ्हाइकांशी गप्पा मारायच्या आहेत. वॉचमनला बढती हवी आहे. त्या म्हणाल्या, “नात परदेशात असते. सहा वर्षांची. तिला मराठी येत नाही. फोनवर ती बोलते आणि मी नुसती हसते... मॅडम.”

मॅडम! मला ‘ए’ म्हणून हाक मारणारी बाई!

नात. म्हणजे त्याच्या दुसरीला झालं मूल. मलाच तेवढं झालं नाही.

४ फेब्रुवारी

सकाळपासून डोकं भणभणतंय. सगळं वर आलं.

लग्नाला चार वर्षं झाली तरी कूस उजवली नाही. डॉक्टरांकडे फेऱ्या माझ्याच. त्याला कोणी नेलं नाही — पुरुषाची कसली तपासणी! माझ्यात काही सापडलं नाही, तरीही भरल्या घरात या म्हणाल्या, “हिच्यातच खोट आहे.” समोर त्यांची नणंद बसली होती. मग काय, आत्याबाईंनी ते सगळ्या नातेवाइकांत पसरवलं. आठवडाभरानं सासूबाईंनी स्वतःच्या हातानं माझी बॅग उंबऱ्याबाहेर ठेवली. नवरा बुटांच्या नाड्या बांधत होता. मी जिना उतरेपर्यंत बांधतच होता!

पुढे एक चांगलं स्थळ आलं. भला माणूस होता. मीच नको म्हटलं. माझ्यातच खोट, तर आणखी एका घराचा विरस कशाला?

मला माफी हवी आहे. एकांतात नको. चारचौघांत बोलल्या होत्या, चारचौघांतच मागायची. आणि आत्याबाईंच्या कानावर गेली पाहिजे.

६ फेब्रुवारी

या आठवड्यात ‘प्लीज’ शिकवायचं होतं. रद्द! ‘सॉरी’ घेतलं.

धक्का लागला — सॉरी. नीट ऐकू आलं नाही — शेवट वर उचलून, सॉरी? गर्दीतून वाट हवी — सॉरी. कोणाचं माणूस गेलं — तिथेही सॉरी. वॉचमन गडबडला. “पण मॅडम, त्याच्या वडलांना मी थोडंच मारलंय?” वर्ग खो खो हसला. मी समजावलं की आपण ‘माफ करा’ आणि ‘फार वाईट झालं’ वेगवेगळं म्हणतो, त्यांचं दोन्ही एकाच शब्दात भागतं.

माझ्या वर्गाचा जुना नियम — मराठी बोललात की उभं राहायचं आणि सॉरी म्हणायचं. नुसतं सॉरी नाही, कशाबद्दल तेही. ‘आय ॲम सॉरी फॉर स्पीकिंग मराठी.’ वॉचमन आत्ता मराठीत बोलला, त्याला सोडलं. सासूबाई शेजारणीला “पेन दे गं” म्हणाल्या. त्यांना उभं केलं.

९ फेब्रुवारी

आज सारखी उठबस करायला लावली. गुडघे धरून उठतात. उठू देत. चांगली जिरवली!

१२ फेब्रुवारी

ताईचा फोन. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, “सोड ना आता. म्हातारी बाई ती.” शिवाय वर, “आय ॲम सॉरी टू यू, पण तू अति करतेयस.” मी म्हटलं, ‘टू यू’ नाही गं, ‘फॉर यू’ — कीव येते म्हणायचं असेल तर.

भडकलीच! “माणूस जीव तोडून बोलत असतं आणि तू त्याची वाक्यं तपासत बसतेस!” फोन आपटला.

येईल परत तिचा फोन. तिला काय ठाऊक, बॅग उंबऱ्याबाहेर कशी दिसते.

१६ फेब्रुवारी

वर्ग सुटल्यावर त्या मागे थांबल्या. खुर्च्या सरळ करायचं नाटक. मग जवळ आल्या. “मला तुझ्याशी जरा बोलायचं—”

“इंग्लिश, प्लीज,” मी म्हटलं. रिकाम्या वर्गात!

त्यांनी पर्समधून वही काढली, पानं उलटली. मग म्हणाल्या, “दोष... दोषाला काय म्हणतात?”

“फॉल्ट.”

आणि तेवढ्या मराठीबद्दल सॉरी म्हणवून घेतलं. म्हणाल्या, निमूट. दारात घुटमळल्या. मी फळा पुसत राहिले, तो स्वच्छ झाला होता तरी. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

फॉल्ट हवाय! म्हणजे तयारी चाललीय. येऊ दे.

२० फेब्रुवारी

बॅच संपताना छोटा कार्यक्रम असतो, घरची माणसं येतात. यंदा जाहीर केलं — ज्याला सॉरी म्हणायचं राहून गेलंय त्याच्यासमोर उभं राहून म्हणायचं, कारणासकट. पार्लरवाली म्हणाली, जावेला. सलूनवाला म्हणाला, बायकोला — “बट रीझन मेनी, मॅडम!”

सासूबाई म्हणाल्या, “यू, मॅडम.”

घरून कोण येणार, विचारलं.

“सिस्टर-इन-लॉ. आय कॉल.”

आत्याबाई! त्यांनी स्वतःच बोलावलंय! मी घरी येईपर्यंत रस्त्यात एकटीच हसत होते.

२८ फेब्रुवारी

झालं. मिळालं.

खोली गच्च. आत्याबाई पहिल्या रांगेत, पहिल्यापेक्षा जाड, कानात यंत्र. सलूनवाल्यानं बायकोला सॉरी म्हटलं, ती लाजून लाल. मग त्या माझ्यासमोर आल्या. हातात कागद नाही, पाठ करून आल्या होत्या.

“आय ॲम सॉरी. नो युअर फॉल्ट. माय सन फॉल्ट.”

मुलावर ढकलतेय! इथेसुद्धा! डोक्यात तिडीक गेली. सॉरी म्हणताना दुसऱ्याकडे बोट दाखवायचं नाही, हे ‘सॉरी’च्या पहिल्याच तासाला शिकवलंय.

“माय फॉल्ट,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. “नो, मॅडम. सन—”

“माय फॉल्ट. रिपीट.”

त्या आत्याबाईंकडे वळल्या. “अहो वन्सं, हिचा—” एवढंच निघालं, तोवर सगळी बॅच सवयीनं ओरडली, “नो मराठी! नो मराठी!” हशा पिकला. मीही हसले. हशा ओसरला तरी त्या तशाच उभ्या. डोळ्यांत पाणी. मी मुळीच विरघळले नाही.

“माय फॉल्ट,” त्या म्हणाल्या. हळू, पण अगदी बरोबर.

टाळ्या! कडकडून!

जाताना आत्याबाई जिन्यात कोणालातरी सांगत होत्या, “आमच्या वहिनीचं मन बघा! खोट हिच्यात, ती पोटात घालून वर माफीही मागितली.” म्हणू दे. माफी तर मागावी लागली! आज कितीतरी वर्षांनी जेवण गोड लागलं.

२ मार्च

त्या बाजारात भेटल्या. वर्ग नाही, नियम नाही. मराठीत बोलल्या. नात दत्तक आहे. त्याला मूल होणारच नव्हतं — मी घरात असतानाच त्याची तपासणी झाली होती, गुपचूप. त्यांना ठाऊक होतं.

मी भर बाजारात ओरडलेच. “मग परवा का नाही बोललात? आत्याबाई समोर होत्या!”

“त्यासाठीच आणलं होतं त्यांना. मी तेच सांगत होते गं. तूच खोडलंस.”